वेम्बलीचे कप तक्त्यात कुठायत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या स्पोर्ट्सच्या पानावर टेनिसची एक चौकट आली होती, वर मोठ्या टायपात ‘सर्वकालीन महान’ आणि खाली पुरुषांच्या ग्रँड स्लॅम सिंगल्सचा तक्ता, जोकोविच 24, नदाल 22, फेडरर 20, सॅम्प्रस 14, इमर्सन 12, मग लेव्हर आणि बोर्ग 11-11, टिल्डन 10, आणि अगदी तळाला 8 वाल्यांच्या गर्दीत केन रोझवॉल. आकडे सगळे बरोबर आहेत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते ‘सर्वकालीन’ या शब्दाबद्दल. कारण त्या तक्त्यात पँचो गोन्झालेझ हे नावच नाही, आणि नसणारच, त्याच्या नावावर दोनच ग्रँड स्लॅम आहेत, 1948 आणि 1949 ची अमेरिकन. आणि तरीसुद्धा 1950 च्या दशकात जगात टेनिस सगळ्यात चांगलं कोण खेळत होतं असं त्या काळच्या कुठल्याही प्लेयरला विचारलं असतं तर त्यानं आधी गोन्झालेझचंच नाव घेतलं असतं. मग हा माणूस तेव्हा खेळत कुठे होता? तर बाकीच्या ठिकाणांबरोबर तो लंडनला खेळत होता, वेम्बलीच्या एम्पायर पूलमध्ये, छताखाली, लाकडी कोर्टवर. त्या स्पर्धेबद्दल मराठी पेपरात मी तरी आजवर चार ओळीसुद्धा वाचलेल्या नाहीत म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, पण कापायचं झालं तर कृपया रोझवॉलचा भाग कापू नका.

नवीन वाचकांना कदाचित माहीत नसेल, 1968 च्या एप्रिलपर्यंत विम्बल्डन, फ्रेंच, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन या चारही स्पर्धा फक्त हौशी म्हणजे अमॅच्युअर प्लेयर्सच्या होत्या. ज्यानं उघडपणे पैसे घेऊन खेळायचं ठरवलं तो प्रो झाला, आणि प्रो झाला की या चारही स्पर्धांचं दार बंद, डेव्हिस कप बंद, परत यायची सोयच नाही. हौशी म्हणवणाऱ्यांनाही खर्चापाण्याच्या नावाखाली टेबलाखालून पैसे मिळायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जो खरं बोलून कॉन्ट्रॅक्टवर सही करायचा बाहेर फक्त तोच जायचा. आणि सही कोणाला मिळायची, तर जो विम्बल्डन किंवा अमेरिकन जिंकलाय त्याला, कारण तिकिटं त्याच्याच नावावर खपायची. म्हणजे दर एकदोन वर्षांनी हौशी टेनिसमधला सगळ्यात चांगला माणूस उचलून बाहेर जायचा आणि ग्रँड स्लॅम त्याच्याशिवाय चालू राहायच्या. आपण ज्या कपांची बेरीज करतोय ते कप त्या काळात असे जिंकलेले आहेत.

या बाहेर गेलेल्या लोकांसाठी तीन मोठ्या स्पर्धा होत्या, अमेरिकेतली यू.एस. प्रो, पॅरिसची फ्रेंच प्रो आणि लंडनची वेम्बली. पुढे लिहिणाऱ्यांनी त्यांना प्रो स्लॅम हे नाव दिलं. तिघींत वेम्बली मला सगळ्यात जवळची वाटते कारण तिच्या विजेत्यांची यादी नुसती वाचत गेलं तरी तेव्हाच्या टेनिसची खरी गोष्ट कळते, दुसरं काही वाचायला लागत नाही.

एम्पायर पूल ही इमारत 1934 ला बांधली ती मुळात पोहण्यासाठी, त्या वर्षीच्या एम्पायर गेम्ससाठी, सर ओवेन विल्यम्स नावाच्या इंजिनियरनं काँक्रीटमध्ये. तलाव झाकून वर दुसरे खेळ घ्यायचे अशी सोय, आणि त्याच वर्षी तिथे प्रो टेनिसची पहिली स्पर्धा झाली. पोहणं तिथे शेवटचं मोठं झालं ते 1948 च्या ऑलिम्पिकला, पण नाव मात्र पूलच राहिलं, 1978 ला वेम्बली अरेना झालं. पहिल्या तीन वर्षांची टायटल्स, 1934, 35 आणि 36, तिन्ही अमेरिकेच्या एल्सवर्थ व्हाइन्सची. हा 1932 चा विम्बल्डन चॅम्पियन, भयंकर सर्व्हिस, आणि बाविसाव्या वर्षी प्रो झाल्यामुळे विम्बल्डनच्या यादीत त्याचं नाव एकदाच दिसतं.

1935 च्या फायनलला व्हाइन्ससमोर कोण होतं बघा, बिल टिल्डन, वय 42. तुमच्या तक्त्यातला 10 वाला टिल्डन तो हाच. 1937 ला आणि 1938 ला तो परत फायनलला आहे, म्हणजे 44 आणि 45 व्या वर्षी, आणि दोन्ही वेळा त्याला हरवणारा माणूस म्हणजे जर्मनीचा हान्स न्यूसलाइन. या न्यूसलाइनची हकीकत मला फार लागते. पोरवयात त्यानं पैसे घेऊन कुणाला तरी टेनिस शिकवलं आणि जर्मन संघटनेनं त्याला कायमचं हौशी टेनिसबाहेर काढलं. त्यामुळे तो आयुष्यात एकही ग्रँड स्लॅम मॅच खेळला नाही, एकही नाही. आपल्या तक्त्याच्या हिशेबानं त्याचा आकडा शून्य, शून्यसुद्धा नाही, कारण शून्यवाला निदान ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेत खेळणाऱ्यांच्या यादीत तरी असतो. 2006 ला, त्याच्या मृत्यूनंतर, टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घेतलं गेलं. वेम्बली नसती तर तो माणूस किती चांगला होता हे सांगायला आज हातात फारसं काही उरलं नसतं.

मग महायुद्ध, स्पर्धा बंद, आणि 1949 ला परत सुरू. जॅक क्रेमरनं बॉबी रिग्जला हरवलं. हा रिग्ज 1939 चा विम्बल्डन चॅम्पियन आणि क्रेमर 1947 चा. त्याच सुमाराला एकवीस वर्षांचा गोन्झालेझ दोन अमेरिकन जिंकून प्रो झाला आणि क्रेमरबरोबर गावोगावच्या टूरवर निघाला. प्रोंची टूर म्हणजे काय असायचं ते डोळ्यासमोर आणा, कॅनव्हासचं कोर्ट गुंडाळून गाडीत टाकायचं, आज एका शहरातला जिम, उद्या दुसऱ्या शहरातला आइस रिंक, कॅनव्हास ताणून बांधायचा, मॅच खेळायची, परत गुंडाळायचा आणि रात्रीच निघायचं, आणि समोर रोज तोच एक माणूस. क्रेमरनं ती टूर 96-27 नं जिंकली. शंभरावर मॅचेस एकाच माणसाविरुद्ध, आणि त्यातल्या 96 हरलेला तो एकवीस वर्षांचा पोरगा. दुसरा कुणी असता तर रॅकेट टाकून घरी गेला असता. पण वेम्बलीच्या यादीत बघा, 1950 गोन्झालेझ, 1951 गोन्झालेझ, 1952 गोन्झालेझ, आणि 52 च्या फायनलला समोर तोच क्रेमर. पहिले दोन सेट 3-6, 3-6 गेले आणि पुढचे तीन गोन्झालेझनं 6-2, 6-4, 7-5 नं घेतले. माझ्या वहीत हा स्कोर मी लिहून ठेवलाय आणि शेजारी 96-27 लिहिलंय, दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही.

1953 ला फ्रँक सेजमननं गोन्झालेझला हरवलं, मग एकदम 1956, आणि फायनलला परत तेच दोघं. स्कोर 4-6, 11-9, 11-9, 9-7. तेव्हा टायब्रेक नव्हता, सहा-सहा झालं की खेळत राहायचं, कुणीतरी दोन गेम पुढे जाईपर्यंत. सगळे गेम मोजले तर 66 होतात. आजच्या तीन सेटच्या मॅचमध्ये तिन्ही सेट टायब्रेकला गेले तरी 39 च्या वर जात नाही. आणि लाकडी कोर्ट म्हणजे बॉल उसळत नाही, खाली राहतो आणि सरपटत येतो, सर्व्हिस रिटर्न करायला डोळा मिटायची सवड नाही, सर्व्हिस करणारा पुढे धावत येऊन व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आतच बॉल मारतो आणि गेम संपतो. अशा कोर्टवर आठ-आठ झालं की एक लूज सर्व्हिस म्हणजे पूर्ण सेट गेला, आणि हे दोघं ते लागोपाठ तीन सेट करत होते, एक सेट मागे पडलेला गोन्झालेझ तिन्ही वेळा शेवटी दोन गेम पुढे. माझ्या मते ही मॅच टेनिसच्या इतिहासाच्या कुठल्याही यादीत पहिल्या दहात पाहिजे, आणि ती ग्रँड स्लॅम फायनल नसल्यामुळे ती कुठल्याच यादीत नसते.

गोन्झालेझ किती मोठा होता हे बाहेरच्या जगाला फार उशिरा कळलं. 1969 च्या विम्बल्डनला, 41 व्या वर्षी, तो चार्ली पासारेलविरुद्ध 22-24, 1-6, 16-14, 6-3, 11-9 जिंकला, 112 गेम, पाच तास 12 मिनिटं, आणि ती मॅच सगळ्यांना माहीत असते कारण ती विम्बल्डनला झाली. पण 41 व्या वर्षी जो असा खेळतो तो 28 व्या वर्षी कसा खेळत असेल, याचं उत्तर विम्बल्डनच्या रेकॉर्डमध्ये नाही, वेम्बलीच्या आहे.

आता पँचो सेगुराबद्दल थोडं, कारण त्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. इक्वेडोरचा, लहानपणी मुडदूस झालेला, पाय बाकदार, आणि फोरहँड दोन्ही हातांनी, त्या काळात हे बघून लोक चक्रावायचे. वेम्बलीची फायनल तो चार वेळा खेळला, 1951, 1957, 1959, 1960, आणि चारही वेळा हरला. 57 ला पाच सेट, 59 ला पुन्हा पाच सेट आणि शेवटचा 8-6. यू.एस. प्रो त्यानं तीनदा ओळीनं जिंकली पण वेम्बली काही मिळाली नाही. ग्रँड स्लॅम शून्य. पुढे जिमी कॉनर्सचा कोच म्हणून लोक त्याला ओळखायला लागले. मला विचाराल तर चार फायनल हरलेला हा माणूसही त्या ‘सर्वकालीन’ चौकटीत निदान एका ओळीचा हकदार आहे.

आणि आता रोझवॉल. केन रोझवॉलचा जन्म 2 नोव्हेंबर 1934, सिडनी. म्हणजे ज्या वर्षी एम्पायर पूल उभा राहिला आणि वेम्बलीची स्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी. आणि लू होडचा जन्म 23 नोव्हेंबर 1934, तोही सिडनीचाच. तीन आठवड्यांच्या अंतरानं जन्मलेली ही दोन पोरं लहानपणापासून एकमेकांसमोर खेळत मोठी झाली. 1956 ला होडनं ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन तिन्ही जिंकल्या, चौथी जिंकली की ग्रँड स्लॅम पूर्ण, आणि फॉरेस्ट हिल्सला, म्हणजे अमेरिकन स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याला कोणी हरवलं तर रोझवॉलनं. त्यानंतर लगेच रोझवॉल प्रो झाला, वय 22. पुढची अकरा वर्षं, 1957 ते 1967, त्याला एकही ग्रँड स्लॅम खेळता आली नाही. वर्षाला चार धरा, 44 स्पर्धा. बावीस ते तेहेतीस, टेनिस प्लेयरच्या आयुष्यात याच्यापलीकडे असतं काय?

या अकरा वर्षांत वेम्बलीला काय झालं ते वर्षागणिक सांगतो. 1957 ला पहिल्याच प्रयत्नात सेगुराला पाच सेटमध्ये हरवून चॅम्पियन. मग 1960 ला परत सेगुरा. 1961 ला फायनलला होड, 1962 ला होड, 1963 ला होड, तिन्ही वेळा रोझवॉल जिंकला. 62 च्या फायनलचा तिसरा सेट 15-13 आहे, नुसत्या एका सेटमध्ये 28 गेम. सिडनीत एकाच महिन्यात जन्मलेले हे दोघं लंडनच्या त्या हॉलमध्ये लागोपाठ तीन वर्षं फायनल खेळत होते आणि जगातल्या पेपरांच्या मुख्य तक्त्यात त्या तिन्ही वर्षी त्यांची नावं नाहीत. आणि रोझवॉल हा काही सर्व्हिसवर पॉइंट काढणारा प्लेयर नव्हे. उंची पाच फूट सातच्या आसपास, अंगानं बारीक, मुळात डावखुरा पण वडिलांनी उजव्या हातानं शिकवलेला, सर्व्हिस साधी. अशा माणसानं लाकडी कोर्टवर, जिथे सर्व्हिस-व्हॉलीवाल्यांचं राज्य, पाचदा कप नेला तो त्या बॅकहँडच्या जोरावर, खाली राहणाऱ्या बॉलखाली रॅकेट नेऊन असा काप मारायचा की बॉल नेटवरून निसटता जायचा आणि पुढे धावत येणाऱ्याच्या बुटापाशी पडायचा. पुढे येणाऱ्याला वाकून तो उचलावा लागायचा आणि उचलला की दुसरा बॉल त्याच्या बाजूनं निघून गेलेला असायचा. त्याची जुनी फिल्म मिळाली तर फक्त हा एक शॉट बघा, पाय कुठे आहेत आणि खांदा किती आधी वळलाय ते बघा.

1962 च्या वर्षाबद्दल जरा जास्त लिहितो कारण माझं सगळं म्हणणं त्या एका वर्षात आहे. त्या वर्षी रॉड लेव्हरनं चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या, इतिहास घडला, आपण आजही ते छापतो आणि छापायलाच पाहिजे. त्याच वर्षी वेम्बली रोझवॉलनं जिंकली. जगात एक नंबर कोण? तेव्हा ठरवायला मार्गच नव्हता, दोघं समोरासमोर येऊच शकत नव्हते. मग लेव्हर तीन वर्षांचं 1,10,000 डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन प्रो झाला, 1963 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात पहिल्या मॅचेस झाल्या, आणि होडनं त्याला ओळीनं आठ वेळा हरवलं, रोझवॉलनं 13 पैकी 11 वेळा. चार ग्रँड स्लॅम एका वर्षात जिंकलेला माणूस, आणि तो प्रोंच्या दुनियेत जाऊन रोज मार खात होता. लेव्हर कमी होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट तो किती मोठा होता ते पुढच्या दोन वर्षांत दिसलं. 1964 च्या वेम्बली फायनलला त्यानं रोझवॉलला 7-5, 4-6, 5-7, 8-6, 8-6 असं हरवलं, 62 गेम, दोन सेट एकनं मागे असताना, आणि मग 65, 66, 67 ही जिंकली. म्हणजे लेव्हर खरोखर जगात पहिला झाला तो साधारण तेव्हा, आणि त्या चार कपांतला एकही कप त्याच्या 11 मध्ये धरलेला नाही. त्याची पाच वर्षं गेली, 63 ते 67, परत आला तेव्हा 1968 चं विम्बल्डन घेतलं आणि 1969 ला चारही ग्रँड स्लॅम पुन्हा एकदा. मधल्या पाच वर्षांचं काय हा प्रश्न तुमचा तक्ता वाचणाऱ्याच्या मनात यायलाच हवा आणि येत नाही, कारण मधली वर्षं तक्त्यात दिसतच नाहीत.

आणि याच पाच वर्षांशी तक्त्यातली दुसरी एक ओळ जोडलेली आहे, रॉय इमर्सन 12. इमर्सन उत्तम प्लेयर होता, फिटनेसमध्ये त्याच्या तोडीचा तेव्हा कुणी नव्हता, त्याच्याबद्दल एक वाईट शब्द मी लिहिणार नाही. पण त्याच्या 12 पैकी 10 टायटल्स 1963 ते 1967 मधली आहेत, म्हणजे बरोबर लेव्हर बाहेर असतानाची, आणि रोझवॉल, गोन्झालेझ, होड तर आधीच बाहेर. ते 12 पुढे 33 वर्षं रेकॉर्ड राहिलं, सॅम्प्रसनं 2000 च्या विम्बल्डनला तेरावं जिंकेपर्यंत. सॅम्प्रस ज्या आकड्याच्या मागे धावत होता तो आकडा असा बनलेला होता.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कुणीतरी उलट पत्र लिहील आणि ते बरोबरच असेल. वेम्बलीचा ड्रॉ छोटा असायचा. ग्रँड स्लॅमला 128 जण आणि सात मॅचेस, इथे मोजके प्लेयर्स आणि तीनचार मॅचेसमध्ये कप. त्यामुळे रोझवॉलचे 8 ग्रँड स्लॅम आणि 15 प्रो स्लॅम यांची सरळ बेरीज करून 23 लिहा असं मी म्हणत नाही, ते चुकीचं होईल, बटाटे आणि कांदे एकत्र मोजल्यासारखं होईल. पण छोटा ड्रॉ म्हणजे सोपा ड्रॉ असं समजू नका. पहिल्याच राउंडला समोर येणारा माणूस कुठल्यातरी वर्षीचा विम्बल्डन किंवा अमेरिकन चॅम्पियन असू शकायचा, 1958 च्या फायनलला सेजमन विरुद्ध टोनी ट्रॅबर्ट म्हणजे 1952 चा विम्बल्डन विजेता विरुद्ध 1955 चा. ग्रँड स्लॅमला पहिले दोनतीन राउंड चॅम्पियनला घाम येत नाही, इथे तशी सोय नव्हती. म्हणून बेरीज नको, शेजारी एक वेगळा कॉलम द्या, गोन्झालेझ ग्रँड स्लॅम 2, प्रो स्लॅम 12, रोझवॉल 8 आणि 15, लेव्हर 11 आणि 8, वाचणारा आपलं आपण काय ते ठरवेल.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं लांबचं वाटू नये म्हणून रामनाथन कृष्णन यांचं नाव घेतो. 1960 आणि 1961, लागोपाठ दोन वर्षं ते विम्बल्डनच्या सेमीफायनलला गेले, 61 ला क्वार्टर फायनलमध्ये त्यांनी याच इमर्सनला सरळ तीन सेटमध्ये हरवलं आणि सेमीला लेव्हरकडून हरले. जॅक क्रेमर तेव्हा प्रोंचा कारभार बघायचा, त्यानं कृष्णन यांना प्रो होण्याची ऑफर दिली होती आणि त्यांनी ती घेतली नाही. घेतली असती तर पैसा मिळाला असता, वेम्बलीच्या लाकडी कोर्टवर एक भारतीय माणूस रोझवॉल-होडच्या समोर उभा राहिला असता, आणि मी आज हे पत्र वेगळ्याच उत्साहानं लिहिलं असतं. पण मग 1966 ला भारत डेव्हिस कपच्या शेवटच्या फेरीत मेलबर्नला पोचला तेव्हा टीममध्ये कृष्णन नसते, कारण कॉन्ट्रॅक्टवाल्या प्रोंना डेव्हिस कप खेळू द्यायला 1973 उजाडलं. दार बंद होण्याची किंमत काय होती ते आपल्याच माणसाच्या उदाहरणावरून समजतं. त्यांनी एका बाजूची किंमत मोजली, रोझवॉलनं दुसऱ्या बाजूची.

दार उघडायची एक संधी आधी आली होती. 1960 ला आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे ओपन टेनिसचा, म्हणजे हौशी आणि प्रो यांनी एकत्र खेळायचा ठराव आला आणि तो पाच मतांनी पडला. पाच मतं! तेव्हा गोन्झालेझ 32 वर्षांचा होता, रोझवॉल आणि होड 25 चे, लेव्हर अजून हौशीच होता. ती पाच मतं इकडची तिकडे झाली असती तर आज तुमच्या चौकटीतले वरून चार नंबर सोडले तर बाकी सगळे वेगळे असते असं मला मनापासून वाटतं. शेवटी दार उघडायला टीव्हीनं हातभार लावला. 1967 च्या ऑगस्टमध्ये बीबीसीच्या कलर टीव्हीसाठी विम्बल्डनच्याच सेंटर कोर्टवर आठ प्रोंची स्पर्धा झाली, फायनलला लेव्हरनं रोझवॉलला हरवलं, लोकांनी गर्दी केली आणि बघितलं की विम्बल्डन ज्यांना आत घेत नाही ते असे खेळतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश संघटनेनं हौशी-प्रो हा फरकच काढून टाकायचं ठरवलं, 30 मार्च 1968 ला आंतरराष्ट्रीय संघटनेनं ओपन स्पर्धांना मान्यता दिली आणि एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या बोर्नमथला पहिली ओपन स्पर्धा झाली. तीही रोझवॉलनं जिंकली, लेव्हरला हरवून, बक्षीस 1,000 पाउंड. नोव्हेंबरमध्ये वेम्बलीच्याच हॉलमध्ये त्यानं न्यूकोम्बला हरवून तिथला सहावा कप घेतला, वय 34.

त्यानंतर वेम्बलीचं महत्त्व कमी होत गेलं, ते साहजिकच, ज्यांच्यासाठी ती स्पर्धा होती ते आता विम्बल्डनला खेळू शकत होते. 1976 पासून सिगारेट कंपनीच्या नावानं तिथे कार्पेटवर पुन्हा मोठी इनडोअर स्पर्धा सुरू झाली, कॉनर्स, बोर्ग जिंकले, मॅकेन्रो पाच वेळा, लेंडल तीन वेळा, आणि 1990 नंतर तीही बंद पडली. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, व्हिडिओ आहेत, लोकांना आठवतं, म्हणून मी त्यात शिरत नाही.

संपादकसाहेब, विनंती एकच आहे. ही चौकट तुम्ही दर ग्रँड स्लॅमच्या शेवटी छापता आणि यापुढेही छापाल, आकडे बदलत राहतील. ‘सर्वकालीन’ हा शब्द ठेवायचा असेल तर दुसरा कॉलम द्या. तेवढी जागा नसेल तर शब्द काढून ‘ग्रँड स्लॅममधले’ एवढंच लिहा, आणि खाली बारीक टायपात एक टीप टाका. टीप मी तयार करून पाठवतोय, दोनच वाक्यांची आहे, चौकटीत बसेल: ‘1968 पूर्वी व्यावसायिक खेळाडूंना या चार स्पर्धांत प्रवेश नव्हता. त्या काळात लंडनची वेम्बली इनडोअर स्पर्धा पँचो गोन्झालेझ यांनी 4 वेळा (1950, 1951, 1952, 1956), केन रोझवॉल यांनी 5 वेळा (1957, 1960 ते 1963) आणि रॉड लेव्हर यांनी 4 वेळा (1964 ते 1967) जिंकली.’

कळावे,
आपला एक नियमित वाचक